पाण्याला विचारलंस?

"विचारलंस?"

शाल्मलीच्या एका पायात रबरी पंख चढला होता, दुसरा अजून हातात होता. ती तशीच एका पायावर थबकली.

"कुणाला, आते?"

खडकावर बसलेल्या द्वारकाआतेनं नुसती हनुवटीनं पाण्याकडे खूण केली.

"विचारलं की! आत्ताच 'येऊ का' म्हटलं ना मी? तू ऐकलंस."

"मी आयकलंय. पाणी काय म्हणालां?"

शाल्मलीनं पाण्याकडे बघितलं. पाणी काय म्हणणार...

"तू कोणाच्या दारात जातंस," आते म्हणाली, "'येव काय' म्हणतंस, आणि तां म्हणता म्हणता पायरी चढतंस. घरवाल्यानं तोंड कधी उघडूचां?"

ही जागा गाभारवेळेची. काजूच्या उतारावरून, जांभ्याच्या ओबडधोबड पायऱ्या उतरून खाली आलं की दोन डोंगरकड्यांच्या मिठीत एवढासा वाळूचा तुकडा लागतो. बाहेर समुद्र कितीही गरजू दे, आत आवाज दबका. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटतं म्हणून कुणीतरी ह्या वेळेला, म्हणजे किनाऱ्याला, हे नाव ठेवलं. पाण्याखाली प्रवाळाची अख्खी बाग आहे. वर मात्र दुकान नाही, फोनला रेंज नाही, आणि डॉक्टर पार घाटीपलीकडे.

खाली उतरणाऱ्याला आतेच्या खडकावरूनच जावं लागे, आणि आतेनं पाणी बघून हो म्हटल्यावरच उतरायचं, असा रिवाज होता. आते कुणाची सख्खी आते नव्हती. किनाऱ्यावरच्या दोन पिढ्यांना तिनं पोहायला शिकवलं होतं, म्हणून सगळ्यांची आते. शिष्य म्हणून तिनं कुणालाच पदरात घेतलं नाही, तरी जो तो स्वतःला तिचाच चेला म्हणवून घेई.

यंदा आतेच्या गुडघ्यांनी मान टाकली होती. गेल्या मोसमात फोटोपायी लोक प्रवाळावर उभे राहिले, आणि एकजण सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्याबरोबर बाहेर ओढला गेला. होडीवाल्यांनी त्याला जेमतेम जिवंत आणला. तेव्हापासून वाडीनं ठरवलं होतं. आतेनंतर खडकावर बसणारं लायक माणूस मिळालं तर ठीक, नाहीतर पायवाटेवर काटेरी कुंपणाची वई घालायची. मग कुणालाच खाली जाता येणार नाही. माणूस निवडायचा तो आतेनं. तिचं बोट ज्याच्याकडे, तो बसेल.

ते बोट आपल्याकडे वळावं, एवढीच शाल्मलीची इच्छा होती.

तिला ओळखणाऱ्या कुणालाही हे ऐकून हसू आलं असतं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मुलगी ही. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गात तिच्या पाठीमागे मुलं मुद्दाम कंपासपेटी पाडायचे आणि खिदळायचे. भित्री भागूबाई हे तिचं हजेरीपटाबाहेरचं नाव.

गेल्या वर्षी आतेनं तिच्या पाठीखाली नुसता तळहात धरला होता. "आकाश बग," एवढंच म्हणाली होती. कधीतरी तो हात निघून गेला, आणि शाल्मलीला ते कळलंही नाही. ती तरंगत होती. कानात पाणी, डोळ्यांत आभाळ, आणि आयुष्यात पहिल्यांदा छातीतली धडधड गप्प. त्या दिवसाचे उपकार ती विसरली नव्हती. म्हणून तर वर्षभर पोहली. नियम पाठ केले. आज शिट्टी, नारिंगी तरंगता फुगा, लांब बाह्यांचा पोहायचा सदरा, सगळं जय्यत घेऊन आली होती.

आणि सांगायलाही आली होती.

"आते, एक सांगू? मला आता भीती वाटत नाही."

"पाण्याची?"

"पाण्याची. कशाचीच. अजिबात नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

आतेनं कपाळावर हात मारला.

"अरे देवा... मगे तुका हंय बसवू कशी?"

शाल्मलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कान तापले. नाकाच्या शेंड्यापर्यंत राग आला. वर्षभर जी भीती घासून घासून काढली, तिचंच हे बक्षीस?

"म्हणजे? घाबरट बाई बसवणार आहेस का तू इथे?"

आते हसली नाही, रागावलीही नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "रव."

रव म्हणजे थांब. आतेच्या तोंडी हा शब्द दिवसातून शंभरदा यायचा. त्यात 'राहा' हाही अर्थ असतो. पण रागावलेल्या माणसाला शब्दाचे दोन अर्थ कुठे ऐकू येतात?

"येऊ का?" शाल्मली समुद्राकडे तोंड करून मुद्दाम मोठ्यानं ओरडली, घाईघाईनं दुसरा पंख चढवला, मास्क-नळी तोंडावर ओढली आणि वाळूच्या वाटेनं पाण्यात शिरली.

पाण्यात तोंड घातलं आणि राग विरघळला. तिथे राग टिकतच नाही.

खाली प्रवाळाचा एक गोल गड्डा होता, पिकल्या फणसाएवढा, तसाच काटेरी. फणसाच्या कुशीत निळ्या माशांचं एक कुटुंब नांदत होतं. शाल्मलीनं हात छातीशी धरले. पायही हलवले नाहीत. "प्रवाळ सोवळ्यात आसा," आते गेल्या वर्षी म्हणाली होती, "तुझां बोट लागलां तर तेका परत आंघोळ नाय, मराण."

ती नुसती तरंगत राहिली. नळीतून श्वास येत होता, जात होता. एवढं सगळं आपल्याला बघायला मिळतंय, आणि त्यासाठी आपण काय केलं? काहीच तर नाही. तिला मास्कच्या आत रडू येईलसं वाटलं. तिनं डोळे मिटले. मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानले. डोळे उघडले...

फणस नव्हता.

खाली भलताच खडक होता. तोही सरकत होता. हळूच, एखादा माणूस अंधारात कूस बदलतो तसा.

शाल्मली अशी दचकली की नळीत पाणी गेलं. ते फुंकून टाकलं. छातीतली जुनी धडधड बंद दार लाथेनं उघडून आत आली. तिनं खाली पाहिलं. तळातलं शेवाळ सगळं एकाच दिशेला, बाहेर समुद्राकडे, केस विंचरल्यासारखं झोपलं होतं.

आतेचं जुनं वाक्य आठवलं. ओढीशी भांडू नको, बाजूक हो. ती आडवी पोहत कडेच्या वाळूला लागली. धडपडत बाहेर आली.

"आते! खडक... खडक सरकला!"

"कितको?"

"चांगला घराएवढं अंतर सरकला! मी हललेसुद्धा नाही गं, आणि तो..."

आतेनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. 

खडक कसा सरकेल?

ती मटकन वाळूत बसली. सुकती लागली होती. पाणी परत निघालं होतं, आणि तिला न सांगता सवरता सोबत घेऊन निघालं होतं.

"मी दचकले, आते," ती पुटपुटली. हे कबूल करताना तिला सकाळपासूनचा सगळा तोरा गळून पडल्यासारखं वाटलं. "परत आली ती. भीती. मला वाटलं, गेली कायमची."

आतेचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

"इली? बरां झालां. तिका बसाक पाट दी."

...

वरून गाण्याचा आवाज आला. जांभ्याच्या पायऱ्या उतरत एक जोडपं येत होतं. नवऱ्याच्या खांद्यावर गाणारा डबा, हातात पावाची लादी. बायको मागून, चपला हातात घेऊन, जपून पाऊल टाकत.

"नमस्कार ताई, नमस्कार आजी!" गडी दिलखुलास होता. "आम्ही सांगलीचे. मी धैर्यशील, ही ऋतुजा. काय जागा आहे राव! नुसती कॅलेंडरावर असते तशी."

"तेका गप कर आदी," आते डब्याकडे बोट दाखवून म्हणाली. "थकलेलो दिसता. कवापासून वरडता ह्यो बिचारो."

ऋतुजा खुदकन हसली. धैर्यशीलनं डबा बंद केला.

"आणि ह्यो पाव कोणाक?"

"माशांना! टाकला की झुंडीनं येतात म्हणे."

"ते हंय बेकरीक येणत नाय. तेंचां जेवाण तेंच्या घरात आसा. तुमी खावा."

धैर्यशीलनं हसत कान पकडले. मग मास्क कपाळावर चढवून तो पाण्याकडे निघाला. बरोबर मधल्या वाटेनं, जिथे पाणी सगळ्यात गुळगुळीत होतं. लाट नाही, फेस नाही. कडेला खडकांवर तेवढी चुळबुळ.

आते काहीच बोलली नाही. तिनं शाल्मलीकडेही पाहिलं नाही. आपल्या गुडघ्याला तेल चोळत बसली, जणू आजचा दिवस त्यासाठीच उगवला होता.

शाल्मलीनं वाट पाहिली, आते बोलेल... आते बोलेल... आते चोळतच होती.

"थांबा!"

आवाज चिरका निघाला. स्वतःच्याच आवाजानं ती दचकली.

धैर्यशील वळला. "काय झालं?"

"आत्ता नाही जायचं. पाणी बाहेर निघालंय."

त्यानं पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिचे हात थरथरत होते आणि ते त्याला दिसत होते, हेही तिला दिसलं.

"ओ ताई, तेलासारखं शांत पाणी आहे की. आणि मी कृष्णेत पोहायला शिकलोय. आमच्यात मगरी असतात, मगरी! मगरीलाच मला बघून घाम फुटतो."

"अहो, ऐका ना त्यांचं," ऋतुजा म्हणाली.

"ऐकतोय की. पण हात बघ त्यांचे, कसे कापतायत." तो वाईट नव्हता, थट्टेखोर होता. "ताई, एवढी भीती वाटते तर इथं बसता कशाला?"

सकाळी हाच प्रश्न असता तर शाल्मलीनं हात पाठीमागे लपवले असते. नाहीतर तडक पाण्यात उडी घेऊन दाखवली असती.

"वाटते भीती," ती म्हणाली. "मघाशी मीच चालले होते बाहेर. पोहत नव्हते, नुसती पडून होते. मला वाटलं खडकच सरकला."

धैर्यशील हसायला लागला, आणि मध्येच थांबला. ती हसत नव्हती.

शाल्मलीनं आजूबाजूला पाहिलं. आतेच्या खडकाशी नारळाची एक करवंटी पडली होती. ती तिनं उचलली, घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन त्या गुळगुळीत वाटेवर अलगद ठेवली. आतेला असं करताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. नुसतं सुचलं.

करवंटी जागच्या जागी उभी राहिली.

"बघा, जागची हलत नाही," धैर्यशील म्हणाला.

करवंटीनं एक गिरकी घेतली. थोडी रेंगाळली, माहेरवाशीण उंबऱ्यावर रेंगाळते तशी. मग निघाली. आधी सावकाश, मग भराभर, मग मागे वळूनही न बघता. दोन कड्यांच्या मधून बाहेर पडली तेव्हा ठिपका झाली होती. पलीकडच्या लाटांत तोही दिसेना.



ऋतुजानं नवऱ्याचं मनगट घट्ट पकडलं होतं.

"कृष्णा एकाच बाजूला वाहते हो," धैर्यशील म्हणाला. आवाजातली मगर गेली होती.

"ह्या पाण्याक जावचां असता, आणि येवचांय असता," आते आता कुठे बोलली. "बसा. पाव काडा. माझ्याकडे चाय आसा."

मग ते सगळे बसले. चहा झाला. पाव संपला. एक बगळा आला, गेला. धैर्यशीलनं दोनदा विचारलं, "आता?" आणि शाल्मलीनं दोनदा पाण्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. तो स्वतःच पाण्याकडे बघायला लागला होता.

"ते शेवाळ," तो एकाएकी म्हणाला, "मघाशी झोपलेलं होतं. आता उभं राहिलंय की काय?"

शाल्मली उठली. सुकती पुरी झाली होती. मधल्या खोलगट कुंडात पाणी शिल्लक होतं, निवांत. करवंटी ठेवली असती तर तिथेच राहिली असती.

"तोंडाचं क्रीम पुसून टाका, पाण्यात उतरतं ते. सदरा अंगात असू दे. हात छातीशी. दमलात तर पाठीवर पडा, खडकावर उभं राहायचं नाही. उभं राहायचंच झालं तर फक्त वाळूवर. मी फुगा घेऊन तुमच्यासोबत. मी शिट्टी मारली की बाहेर."

"आणि शिट्टीनं तुम्हीच दचकलात तर?" धैर्यशीलनं विचारलं.

"तर दोनदा मारीन."

ह्या वेळी सगळेच हसले, आतेसुद्धा.

पाण्याच्या कडेला ऋतुजा थांबली. "काही म्हणायचं असतं का हो आधी?"

"कुणाच्या घरी जाताना म्हणतो तेच."

"येऊ का?" ऋतुजानं हळूच विचारलं. आणि ती थांबली. कुणी न शिकवता थांबली. शाल्मलीही तिच्या शेजारी थांबली. एक लहानशी लाट आली, त्या तिघांच्या पावलांवर पाय धुवायला तांब्या ओतावा तशी पसरली आणि वाळूत मुरली.

मग ते आत गेले.

बाहेर आल्यावर ऋतुजाला बोलता येईना. तिनं दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गोल दाखवलं, मग लहान लहान काहीतरी, मग डोळे पुसले. धैर्यशील वाळूत फतकल मारून बसला होता. "फणस," तो सारखा म्हणत होता, "अगं, फणस बघितलास का? त्यात माशांचा संसार..."

निघताना ऋतुजा पाण्याकडे वळली, हात जोडले. "येते हं," म्हणाली.

आपल्याकडे ही गंमतच आहे. आत शिरतानाही 'येऊ का' आणि निरोप घेतानाही 'येऊ का'. जातो असं कुणी म्हणत नाही.

धैर्यशील शाल्मलीपाशी आला. काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडलं, मिटलं. "ताई," तो म्हणाला, "तुमचे हात कापले ते फार बरं झालं." पायऱ्यांपाशी कुणीतरी टाकलेली एक जुनी प्लास्टिकची बाटली पडली होती. तीही त्यानं उचलून आपल्या पिशवीत टाकली. दोघं वर चढून काजूंत दिसेनाशी झाली.

...

ऊन कलंडलं. बाहेर लाटांचा आवाज वाढला होता.

शाल्मली आतेच्या पायाशी बसली होती. तिला फार काही सांगायचं होतं. गेल्या वर्षीच्या तळहाताबद्दल, आजच्या गप्प बसण्याबद्दल.  तिनं तेलाची वाटी ओढली आणि आतेचा दुसरा गुडघा चोळायला घेतला.

"आते... तू मघाशी काहीच का बोलली नाहीस? तो गेला असता तर?"

"तो गेलो नाय मां?"

"पण गेला असता तर?"

आतेनं पदराखालून दुसरा हात काढला. मुठीत शिट्टी होती. घामानं चिंब. किती वेळ ती तशीच आवळून धरली होती, कोण जाणे. शाल्मलीनं त्या मुठीकडे पाहिलं. म्हातारीची बोटं अजून सैल होत नव्हती.

"तुलाही भीती..." ती म्हणाली. 



"मग माझं काय, आते?" शाल्मलीनं शेवटी विचारलं. "वाडीवाले वई घालणार का?"

 हात टेकत टेकत आते खडकावरून उतरली. शाल्मली आधाराला उठली, तर तिला खांद्याला धरून आतेनं खाली बसवलं. वाळूत नव्हे, खडकावर. आपल्याच जागी. दगड अजून उबदार होता.

मग आते लुगड्याचा ओचा खोचून पाण्याकडे चालू लागली. रोज संध्याकाळी ती अशी एकदा पाण्यात जाऊन येई. कुणा माणसाला विचारायची तिला गरज नव्हती. तसं विचारताना तिला कुणी पाहिलंही नव्हतं.

पाण्यापासून हातभर अंतरावर ती थांबली. वळली. समुद्राकडे नाही, खडकाकडे.

"येव काय गो, बाय?"

शाल्मलीचं काळीज लक्कन हललं. हे पाण्यात शिरायचं विचारणं आहे, की निघायचं? तिला कळेना.  हो म्हणावं, पायावर डोकं ठेवावं, काहीतरी करावं...

पण ती आधी पाण्याकडे बघायला लागली.

शेवाळ आता आतल्या बाजूला झोपलं होतं. भरती लागली होती. दोन कड्यांच्या मधून पाणी ढकलाढकली करत आत येत होतं, आणि म्हातारीचे गुडघे...

आते वाट बघत उभी होती.

"नको, आते," शाल्मली म्हणाली. आवाज कापरा होता, पण मोठा होता. "रव."

आतेनं पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"बरां," ती म्हणाली. "रवतंय."